उतरवून घेणे : प्रत, कुलूप आणि वाचकाचे सभासदत्व

१

मराठीतील 'उतरवून घेणे' हे क्रियापद वाङ्मयव्यवहाराच्या इतिहासात दोनदा महत्त्वाचे ठरले आहे. मुद्रणपूर्व काळात पोथी उतरवून घेणे म्हणजे समोरच्या पोथीवरून अक्षर न् अक्षर लिहून दुसरी पोथी सिद्ध करणे. मुद्रण रुळल्यावर हा अर्थ मागे पडला. संगणक आणि मोबाईल घरोघरी पोहोचले तेव्हा संकेतस्थळावरील मजकूर आपल्या यंत्रात आणण्याच्या क्रियेला 'डाउनलोड' हा परभाषिक शब्द मिळाला, आणि त्याच्या शेजारीच 'उतरवून घेणे' हे जुने क्रियापदही पुन्हा वापरात आले. या पुनरागमनाकडे केवळ भाषिक योगायोग म्हणून पाहता येणार नाही. दोन्ही क्रियांच्या मुळाशी एकच परिस्थिती आहे : संहिता एका ठिकाणी आहे, वाचक दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि मध्ये कोणाचे तरी कुलूप आहे.

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव या परिस्थितीचा विचार करण्यास सोयीचे आहे. या गावाच्या शिवारात विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची दहा हजार घरे उभी राहिली आणि २००६ साली ती त्यांच्या ताब्यात आली. पुढे येथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा 'रे नगर' प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये झाले. गावाच्या हद्दीत वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे घरी तेलुगू किंवा कानडी बोलणारा, शाळेत मराठी शिकलेला, पदवीच्या किंवा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला लागलेला पहिल्या पिढीतील वाचक येथे मोठ्या संख्येने आहे. शहरातील जुनी ग्रंथालये त्याच्यापासून बसभाड्याच्या अंतरावर आहेत. हातातला मोबाईल मात्र जवळ आहे.

हा वाचक एखाद्या मराठी ग्रंथाचे नाव शोधयंत्रात लिहितो तेव्हा स्क्रिब्डसारख्या दस्तऐवज-विनिमयाच्या संकेतस्थळाचे पान वरच्या काही उत्तरांत हमखास येते. ग्रंथाची पहिली काही पाने दिसतात, पुढची धूसर होतात. पूर्ण ग्रंथ हवा असेल तर दोन मार्ग सुचविले जातात : महिन्याची वर्गणी भरा, किंवा आपल्याजवळचा एखादा दस्तऐवज येथे चढवा आणि त्याच्या मोबदल्यात हा उतरवून घ्या. तिसरा मार्ग संकेतस्थळ सुचवीत नाही, पण तो सर्वांना ठाऊक असतो : कुलूप चुकवून प्रत काढून देणारी मध्यस्थ संकेतस्थळे. वर्गणी, अदलाबदल आणि चोरवाट या तिन्ही मार्गांना इतिहास आहे. त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण सोलापुरातच सुरू झाले होते. ते समजून घेतल्यास आजच्या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

२

'षट्खंडागम' हा दिगंबर जैन परंपरेतील आद्य सिद्धांतग्रंथ. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांनी तो प्राकृतात रचला. त्यावर वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकाच्या प्रारंभी 'धवला' ही विस्तीर्ण टीका लिहिली. या ग्रंथाच्या जुन्या कानडी लिपीतील ताडपत्रांच्या प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे जपलेल्या होत्या. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडत असे, वाचन मात्र घडत नसे. लिपी जाणणारे थोडे होते, ताडपत्रे झिजत होती, आणि ग्रंथ बाहेर जाऊ द्यायचा नाही असा तेथील व्यवस्थापकांचा कटाक्ष होता. ज्या ग्रंथावर एका परंपरेचा तत्त्वविचार उभा आहे तो ग्रंथच त्या परंपरेला वाचता येत नाही, अशी ही विलक्षण अवस्था होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी या प्रश्नात लक्ष घातले. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील म्हणून हिराचंद परिचित आहेत. परंतु 'जैन बोधक' हे मराठी नियतकालिक सोलापुरातून चालविणारे आणि ग्रंथप्रसाराचा ध्यास घेतलेले गृहस्थ म्हणून त्यांची स्वतंत्र नोंद घेणे आवश्यक आहे. त्यांनी मूडबिद्रीच्या व्यवस्थापकांशी बोलणी केली, नकलेच्या खर्चासाठी वर्गणी जमविली आणि १८९५-९६च्या सुमारास काम सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्री आणि गजपती उपाध्याय हे पंडित नकलेसाठी नेमले गेले. अट एवढीच होती की तयार होणारी प्रतही मूडबिद्रीतच राहील. म्हणजे जीर्ण प्रतीच्या जागी नवी प्रत येणार होती, कुलूप तेच राहणार होते.

यानंतर जे घडले त्याचा वृत्तांत पुढे 'धवला'च्या मुद्रित आवृत्तीचे संपादक हिरालाल जैन यांनी आपल्या प्रस्तावनेत दिला आहे. गजपती उपाध्यायांनी नेमून दिलेली नक्कल करीत असतानाच, घरी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने, गुप्तपणे कानडी लिपीत आणखी एक प्रत तयार केली. ती प्रत घेऊन ते सोलापूरला हिराचंद नेमचंद यांच्याकडे आले आणि योग्य मोबदल्यात ती स्वीकारावी अशी विनंती त्यांनी केली. हिराचंदांनी ती नाकारली. एवढेच नव्हे, तर माणिकचंदांनीही ती घेऊ नये असे त्यांना कळविले. ज्या ग्रंथासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली तो ग्रंथ दारात आला असताना, तो विश्वासभंगातून आला आहे या एका कारणासाठी त्यांनी तो परत पाठविला.

गजपती तेथून उत्तरेत गेले. सहारनपूरच्या लाला जंबुप्रसाद यांनी ती प्रत विकत घेतली. तेथे कानडीवरून नागरी प्रत करण्याचे काम चालू असता नकलनवीस सीताराम शास्त्री यांनी स्वतःसाठी आणखी एक प्रत उतरवून घेतली आणि तिच्यावरून पुढे आरा, कारंजा, अमरावती, सोलापूर अशा अनेक ठिकाणी प्रती पसरल्या. जंबुप्रसादांनी विकत घेतलेली प्रतही अशा रीतीने त्यांच्या एकट्याची राहिली नाही. गुप्त प्रतीची पुन्हा गुप्त प्रत झाली.

अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या हिरालाल जैन यांनी या प्रतींच्या आधारे संपादनाचे काम हाती घेतले. पहिला भाग १९३९ साली प्रसिद्ध झाला आणि सोळावा, शेवटचा, १९५८ साली. या उपक्रमाच्या काळातच मूडबिद्रीच्या व्यवस्थापकांची भूमिका पालटली आणि मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास त्यांनी साहाय्य केले. पुढे 'धवला'च्या नव्या आवृत्त्या काढण्याचे काम ज्या संस्थेने केले ती जैन संस्कृती संरक्षक संघ ही संस्था सोलापूरचीच. हिराचंदांनी ज्या गावात ती प्रत नाकारली त्याच गावातून तिच्यापासून निघालेला मुद्रित ग्रंथ पुन्हा जगात गेला.

३

या प्रकरणाचा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. गजपतींनी कुलूप फोडले म्हणून ग्रंथ वाचला, तेव्हा कुलपे फोडणेच इष्ट, असा एक निष्कर्ष. आणि हिराचंदांनी नकार दिला म्हणून ते नीतिमान परंतु निष्फळ, असा दुसरा. दोन्ही अपुरे आहेत. गजपतींच्या प्रतीने ग्रंथ बाहेर आला हे खरे. पण बाहेर आलेला ग्रंथ विश्वसनीय होता असे मात्र नाही.

याचे प्रसिद्ध उदाहरण पहिल्या भागातील त्र्याण्णवाव्या सूत्राचे आहे. मनुष्य-स्त्री आत्मविकासाच्या कोणत्या पायऱ्यांपर्यंत पोहोचते याविषयीचे हे सूत्र. संपादकांसमोरच्या प्रतींत त्यात 'संजद', म्हणजे संयत, हा शब्द नव्हता. अर्थाच्या आणि टीकेच्या अनुरोधाने येथे हा शब्द असला पाहिजे असे संपादकांना वाटले. त्यांनी तो मूळ पाठात बेधडक घातला नाही. तळटीपेत शंका म्हणून नोंदविला. या एका शब्दावरून मोठा वाद पेटला, कारण स्त्रीच्या मोक्षाधिकाराविषयीचे संप्रदायभेद त्याच्याशी गुंतलेले होते. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पडताळणी झाली तेव्हा तेथे तो शब्द आढळला.

नकलेची नक्कल होत असताना एक तीन अक्षरी शब्द गळतो आणि त्याबरोबर अर्ध्या मानवजातीविषयीचे विधान बदलते. हा शब्द परत मिळाला तो दोन कारणांनी. एक, संपादकांनी आपल्या प्रती कोठून आल्या, कोणी कोणापासून केल्या, हे लपविले नाही. गुप्त प्रतींचा सर्व वृत्तांत त्यांनी प्रस्तावनेत मांडला, त्यामुळे गळतीचा संशय घेण्यास जागा राहिली. दोन, मूळ ताडपत्रे अस्तित्वात होती आणि अखेरीस ती पाहता आली. म्हणजे चोरवाटेने आलेली प्रत शुद्ध झाली ती तिच्या वंशावळीच्या कबुलीमुळे आणि पाठचिकित्सेमुळे. हिराचंदांचा नकार या दृष्टीने निष्फळ म्हणता येत नाही. प्रत कोठून आली हा प्रश्न प्रत हाती असण्याइतकाच महत्त्वाचा आहे, ही त्या नकारामागची धारणा होती; आणि हिरालाल जैन यांच्या प्रस्तावनेत तीच धारणा संपादनशास्त्राच्या रूपाने प्रकट झाली.

मराठी वाङ्मयपरंपरेला हा विचार परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, 'ज्ञानेश्वरी'ची प्रत शुद्ध केली ती नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. आणि पुढच्या कोणी तीत स्वतःची ओवी मिसळू नये असेही त्यांनी बजावले. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हाही वाद झाला तो ती प्रत कोठली, केव्हाची आणि कितपत विश्वसनीय याविषयीच. हस्तलिखिताच्या शेवटी लिपिकार आपले नाव, गाव, शक-संवत्सर लिहीत असे आणि जसे समोर होते तसे लिहिले, चूक असेल तर वाचकाने सांभाळून घ्यावे, अशी विनवणी करीत असे. या पुष्पिकेला आपण बहुधा विनयाचा संकेत मानतो. वस्तुतः ती उत्तरदायित्वाची नोंद आहे. लिपिकार ग्रंथाचा कर्ता नव्हता, मालकही नव्हता. पण या प्रतीपुरता तो जबाबदार होता.

या परंपरेत प्रत देण्याचीही एक नीती होती. जैन आचारात शास्त्रदान हे दानाच्या प्रकारांत गणले जाते. दहाव्या शतकात कर्नाटकातील अत्तिमब्बे या स्त्रीने पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या सहस्र प्रती करवून वाटल्या, ही गोष्ट कानडी वाङ्मयेतिहासात प्रसिद्ध आहे. मूडबिद्रीचे कुलूप आणि अत्तिमब्बेचे दान ही एकाच परंपरेची दोन टोके आहेत. ग्रंथाचे जतन करायचे म्हणून तो दडवायचा, की जतन करायचे म्हणूनच तो वाटायचा, हा पेच इंटरनेटने निर्माण केलेला नाही.

४

दान आणि कुलूप यांच्यामधला तिसरा मार्ग एकोणिसाव्या शतकाने दिला. तो म्हणजे वर्गणीचा. १८४८ साली पुण्यात स्थापन झालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी, जी पुढे पुणे नगर वाचन मंदिर झाली, १८९३चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, या संस्था वर्गणीवर उभ्या राहिल्या. सोलापुरातही हिराचंद नेमचंद यांच्या नावाचे वाचनालय नांदले. या संस्थांत वर्गणी भरणारा मनुष्य ग्राहक नव्हता. तो सभासद होता. त्याला मत होते, सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारता येत होता, कोणती पुस्तके घ्यावीत हे सुचविता येत होते. त्याने वर्गणी थांबविली तरी त्याच्या पैशाने घेतलेले पुस्तक कपाटात राहत होते आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडत होते. या व्यवस्थेला जातीच्या, लिंगाच्या आणि ऐपतीच्या मर्यादा होत्या हे विसरता कामा नये. विडी वळणारी स्त्री या सभासदयादीत सहसा नव्हती. परंतु तत्त्व म्हणून वर्गणी ही सामायिक मालकीकडे नेणारी गोष्ट होती. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने शासनाचे अनुदान या व्यवस्थेला जोडले आणि ती गावोगाव पोहोचविण्याचा प्रयत्न केला.

ग्रंथनिर्मितीतही वर्गणीचे हे रूप दिसते. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड सिद्ध केले ते नागपूरला मर्यादित कंपनी स्थापून, भागधारक आणि आगाऊ वर्गणीदार मिळवून. वाचकांच्या वर्गणीतून उभा राहिलेला हा ग्रंथ आज यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या प्रयत्नाने संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. वर्गणीतून निर्माण झालेली गोष्ट अखेरीस सार्वजनिक झाली, हा त्या शब्दाचा पूर्ण अर्थ म्हणता येईल.

५

स्क्रिब्ड हे संकेतस्थळ २००७ साली अमेरिकेत सुरू झाले ते कोणालाही आपला दस्तऐवज सहज प्रकाशित करता यावा म्हणून. प्रारंभी ते खुले होते. २०१० पासून जुन्या दस्तऐवजांपैकी पुष्कळ पैशाआड जाऊ लागले. २०१३ मध्ये पुस्तकांसाठी मासिक वर्गणीची योजना आली. २०२० मध्ये सादरीकरणांचे स्लाइडशेअर हे संकेतस्थळ त्याच्या मालकीचे झाले. २०२३ मध्ये प्रकाशकांच्या पुस्तकांसाठी एव्हरँड ही वेगळी शाखा काढण्यात आली आणि वाचकांनी चढविलेले दस्तऐवज स्क्रिब्डवर राहिले. ही वाटचाल नीट पाहिली तर तिच्यातील विसंगती ध्यानात येते. भांडार वाचकांनी भरले. कुलूप नंतर आले. आणि किल्लीचे पैसे भांडार भरणाऱ्याला मिळत नाहीत, बहुधा मूळ लेखकालाही मिळत नाहीत.

येथे 'वर्गणी' हा जुना शब्द वापरला जातो, पण त्याचा आशय पालटलेला आहे. येथील वर्गणीदाराला मत नाही, सभा नाही, कपाट नाही. वर्गणी थांबली की दार बंद होते. हे सभासदत्व नव्हे, भाडे आहे. भाड्याला हरकत असण्याचे कारण नाही. मराठी वाचक भाड्याने कादंबऱ्या देणाऱ्या दुकानांवरही वाढलेला आहे. परंतु त्या दुकानदाराने पुस्तक विकत घेतलेले असे. येथे पुष्कळदा कोणीच काही विकत घेतलेले नसते.

'चढवा आणि उतरवा' ही अदलाबदलीची अट संहितेच्या दृष्टीने अधिक घातक आहे. एक ग्रंथ मिळविण्यासाठी काहीतरी द्यायचे असते, म्हणून वाचक हाताशी असेल ते देतो : कोणाच्या तरी टिपणांची छायाचित्रे, अर्धवट प्रकरण, मुखपृष्ठ आणि श्रेयनामावली गळालेला ग्रंथ, एकाच कादंबरीच्या वेगवेगळ्या नावांच्या पाच प्रती. देण्याचा हेतू वाटणे हा नसून मिळविणे हा असल्याने प्रतीची शुद्धता कोणाच्याच आस्थेचा विषय राहत नाही. आवृत्ती कोणती, वर्ष कोणते, संपादक कोण, पाने किती गळाली, या प्रश्नांची उत्तरे त्या पानावर सहसा नसतात. असते ते चढविणाऱ्याचे टोपणनाव. लेखकाचा मृत्यू बार्थने १९६७ साली घोषित केला आणि 'लेखक' हे संहितेला चिकटविलेले एक कार्य आहे असे फुकोने १९६९ साली मांडले, तेव्हा त्यांच्या समोर संहितेच्या अर्थाची मुक्तता होती. येथे लेखक गेला, संपादक गेला, लिपिकारही गेला, आणि त्यांच्या जागी खातेदार आला. ही मुक्तता नव्हे. ही निव्वळ बेवारस अवस्था आहे. 'संजद' शब्द अशा प्रतीत गळाला तर तो गळाला असा संशय घेण्यासही आधार उरत नाही.

याहून अन्यायकारक गोष्ट अशी की, जे ग्रंथ मुळातच सर्वांचे आहेत तेही या कुलपाआड आढळतात. १९५७च्या स्वामित्वहक्क अधिनियमान्वये लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी त्याचे प्रकाशित लेखन मुक्त होते. १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. हरिभाऊ आपटे, केशवसुत, गडकरी, राजवाडे, केतकर, साने गुरुजी, मर्ढेकर यांचे लेखन आज मुक्त आहे. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या प्रकल्पात सार्वजनिक खर्चाने प्रतिमांकित झालेली जुनी मराठी पुस्तके आणि शासकीय प्रकाशने कोणीतरी अशा संकेतस्थळावर चढवितो आणि ती पैशाआड जातात. वाचक भाडे भरतो ते स्वतःच्याच मालमत्तेचे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हक्क शाबूत असलेल्या लेखकाचे पुस्तक चोरून चढविले जाते तेव्हा नुकसान कोणा दूरच्या कंपनीचे होत नाही. ते अल्प प्रतींची आवृत्ती काढून ती संपण्याची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या मराठी प्रकाशकाचे होते. कायद्याने तक्रार करण्याची सोय आहे. तक्रारीनंतर मध्यस्थाने मजकूर काढायचा आणि एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करण्याची त्याला मुभा, अशी ही रचना. एकट्या लेखकाला ती पेलणारी नाही. गजपतींचे उदाहरण पुढे करून या चोरीचे समर्थन करता येत नाही. गजपतींनीही मोबदला मागितला होता, हे खरे. पण त्यांच्या ग्रंथाचे लेखक हजार वर्षांपूर्वी होऊन गेले होते आणि ग्रंथ झिजून जाण्याच्या बेतात होता.

शिक्षणाच्या गरजेपुरते मात्र कायद्याने वाचकाच्या बाजूने विचार केलेला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानावर परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठानेही, अध्यापनासाठी ग्रंथांतील आवश्यक भागांचे संकलन छायाप्रतींच्या रूपाने देणे हा अधिनियमाच्या बावन्नाव्या कलमाने मान्य केलेला व्यवहार ठरू शकतो असे मानले. हा निर्णय विद्यापीठाच्या आवाराशी बांधलेला आहे. २०२५ पासून अमलात आलेली 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही केंद्र शासनाची योजनाही तशीच. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये खर्चून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली करण्याची ही योजना आहे. वर्गणी पुन्हा सामुदायिक झाली, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु तिचे दार संस्थेच्या नावाने उघडते, वाचकाच्या नावाने नाही. आणि ती प्रामुख्याने इंग्रजीतील संशोधनपत्रांसाठी आहे. शिक्षण सोडून कामाला लागलेला, घरी बसून अभ्यास करणारा, मराठीत वाचू इच्छिणारा कुंभारीचा वाचक दोन्हींच्या बाहेर राहतो आणि पुन्हा त्या धूसर पानापाशी येतो.

६

त्या पानाला पर्याय नाहीत असे नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले अनेक ग्रंथ संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. मराठी विश्वकोश खुला आहे. मराठी विकिस्रोतावर स्वेच्छेने काम करणारे वाचक मुक्त ग्रंथांची पाने मूळ प्रतिमेशेजारी ठेवून टंकलिखित आणि शुद्ध करतात. अमेरिकेतील जैन समाजाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जैन ई-लायब्ररीत हजारो ग्रंथ नोंदणीनंतर फुकट उतरवून घेता येतात. ही शास्त्रदानाची आधुनिक रूपे आहेत. त्यांत विकिस्रोताचे महत्त्व विशेष आहे; कारण तेथे प्रत्येक दुरुस्ती कोणी, केव्हा केली याची नोंद राहते आणि मूळ पानाशी पडताळणी करता येते. जुनी पुष्पिका तेथे नव्या रूपाने परतली आहे. उणीव आहे ती या भांडारांची वाट दाखविणाऱ्याची. शोधयंत्र वाचकाला पैशाआडच्या दारापाशी आधी नेते, आणि शेजारचे दार उघडे आहे हे सांगणारा ग्रंथपाल त्याच्याजवळ नसतो.

कुंभारीच्या विडी कामगार स्त्रियांच्या त्या पहिल्या वसाहतीला गोदावरी परुळेकर यांचे नाव आहे. लोक तिला गोदूताईंच्या नावाने ओळखतात. गोदावरी परुळेकर या केवळ कामगार-शेतकऱ्यांच्या पुढारी नव्हत्या. वारली आदिवासींच्या लढ्याची हकीकत सांगणारे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० सालचे त्यांचे पुस्तक मराठी गद्याचा मोलाचा ठेवा आहे आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे निधन १९९६ साली झाले, तेव्हा हे पुस्तक २०५६ अखेर स्वामित्वहक्काखाली राहील. त्यांच्या नावाच्या वसाहतीत वाढणाऱ्या मुलीने ते कसे वाचावे? विकत घ्यावे, हे एक उत्तर. ते प्रत्येक घराला परवडणारे नाही. कोणीतरी चोरून चढविलेली, पाने गळालेली प्रत भाडे भरून किंवा चोरवाटेने उतरवून घ्यावी, हे दुसरे. ते लेखिकेला आणि वाचक मुलीला, दोघींना सारखेच अपमानकारक आहे. तिसरे उत्तर वसाहतीच्या इतिहासातच आहे.

ती दहा हजार घरे दानाने मिळालेली नाहीत आणि भाड्याचीही नाहीत. केंद्र शासन, राज्य शासन आणि स्वतः कामगार स्त्री यांच्या वाट्यांतून, दीर्घ लढ्यानंतर, सहकारी संस्थेच्या सभासद म्हणून त्या स्त्रिया घरांच्या मालक झाल्या. वर्गणी भरून मनुष्य मालक होतो, हा एकोणिसाव्या शतकातील ग्रंथालयांचा विचार ज्या स्त्रीवर्गाला त्या काळी सभासदयादीत जागा देऊ शकला नाही, त्याच वर्गाने तो घरांच्या बाबतीत सिद्ध करून दाखविला. पुस्तकांच्या बाबतीत तो सिद्ध होण्यासाठी वसाहतीतले वाचनालय, त्यातील एका संगणकावर खुल्या भांडारांची वाट दाखविणारा ग्रंथपाल, आणि हक्काखालील पुस्तकांच्या रीतसर विकत घेतलेल्या काही प्रती, एवढेच लागते. १९६७च्या अधिनियमाला हे परके नाही.

हिराचंदांनी परत पाठविलेली प्रत आणि हिरालाल जैन यांनी तिच्याच वंशातून सिद्ध केलेला ग्रंथ यांच्यामध्ये काही दशकांचे अंतर आहे. त्या अंतरात प्रत कोणाची, कोठून आली, तिच्यात काय गळाले हे विचारणारी माणसे होती, म्हणून चोरवाटेचा शेवट ग्रंथालयाच्या कपाटात झाला. आजच्या उतरवून घेण्याला हे प्रश्न विचारणारा वाचक घडविणे हे मराठीच्या अध्यापनाचे काम आहे.